दोन सतरंज्यांच्या मधे

वडीगोद्री
१२ जुलै २०२५

साक्षी,

माझ्या नंबरावरून तुझा फोन लागत न्हाई. तुझ्या कॉलेजातल्या आकांक्षाला विचारलं, तर ती म्हणली, "काकू, तिनं... साक्षीनं सांगितलंय, काही सांगायचं असंल तर लिहून पाठवा." 'तिनं' म्हणता म्हणता ती थांबली, ते माझ्या ध्यानात आलं. म्हणून लिहून राह्यले. औरंगाबादला तिच्या खोलीच्या पत्त्यावर टाकते. तिथंच राहतीस ना तू?

इकडं सगळं ठीक आहे. पप्पांचं टायरचं दुकान चालू आहे. तुझा भूषणदादा जालन्याहून पंधरा दिवसांनी येतो, आला की आधी तुझंच विचारतो. माझ्या अंगणवाडीत यंदा एकतीस लेकरं आहेत. परवा आषाढी पौर्णिमेला विहारात तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला. चार वर्षं ग्रंथ तू वाचायचीस, यंदा समितीनं मला बसवलं. पहिल्याच संध्याकाळी दोनदा ओळ चुकली. विहाराशेजारची चतुराआजी सगळ्यांसमोर म्हणली, साक्षीचा आवाज कुठं अन् तुझा कुठं. ऐंशी वर्षांच्या बाईला काय बोलायचं, पुढची ओळ वाचली.

लोक विचारतात. मी सांगते, नोकरी लागली. खोटं न्हाई ना ते?

मार्चमधी आपण दोघी नदीपल्याड गेल्तो, ते आता डोक्यातून काढून टाक. मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठी केलं. घरात कुणाला त्यातलं काही माहीत न्हाई आणि माहीत व्हायची गरज बी न्हाई. तू बी कुणापाशी बोलू नको.

रविवारी ये. केस कसे का असंनात, ये. पप्पा काही बोलणार न्हाईत, मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

तुझी मम्मी


वडीगोद्री
३ ऑगस्ट

साक्षी,

तीन रविवार गेले. दर रविवारी मी दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या.

पहिल्या पत्रात सगळं ठीक आहे असं लिहिलं, ते ठीक न्हाई. रागाच्या भरात गेलेल्या पोरीला आई जशी लिहिते तसं मी लिहिलं. तू रागाच्या भरात गेली न्हाईस, हे मला माहीत आहे.

डिसेंबरात तू दहा दिवसांच्या श्रामणेरी शिबिराला गेल्तीस. डोकं भादरून, चीवर नेसून परत आलीस, तेव्हा तुझं तोंड इतकं उजळलं होतं की मी गल्लीत सांगत फिरले, धम्मानं माझ्या लेकीचं तोंड बघा कसं झालंय. तू मला म्हणालीस, "मम्मी, दहा दिवस मला कुणी पोरगी म्हणून बघितलं न्हाई. इतकं हलकं कधीच वाटलं न्हाई." मी हसले. मला वाटलं, वैराग्य म्हणतात ते हेच.

मंग जानेवारीत तू आम्हा तिघांना बसवून सांगितलंस. मी पोरगी न्हाई, आणि मला पोरगा बी व्हायचं न्हाई, मला त्यातलं काहीच नको. भूषणनं तृतीयपंथी लोकांचं नाव काढून घाण शिवी दिली. तू शांतपणे म्हणालीस, त्यांचं त्यांच्यापाशी काहीतरी एक आहे, माझं ते बी न्हाई. पप्पा उठून दुकानात गेले. मी विचारलं, मंग नाव? तू म्हणालीस, साक्षी राहू दे, साक्षीदार बाई बी असतो, बुवा बी असतो.

त्या रात्री पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं, की दोन वर्षं तू आमच्याशी 'मी गेले', 'मी जेवले' असं बोललीच न्हव्हतीस. 'मला जायचंय', 'माझं जेवण झालं', 'माझ्याकडून पाणी सांडलं' असंच बोलायचीस. दोन वर्षं एकेक वाक्य चाळून बोलत होतीस, आणि आईला पत्ता न्हाई.

आता फेब्रुवारीतल्या त्या रविवारचं. विहारात बायांची सतरंजी डावीकडं, बुवांची उजवीकडं, मधे मूर्तीपाशी जायची हातभर वाट. त्या वाटेवर मागं येऊन तू बसलीस. बाया कुजबुजल्या. पप्पा समितीचे सचिव, त्यांनी मान खाली घातली. बाकी कुणी काही म्हणलं न्हव्हतं, साक्षी. मी उठले. मी म्हणले, "बायांत बसायचं तर बस, न्हाई तर बाहेर बस."

तू बाहेर जाऊन बसलीस, पायरीवर, चपलांपाशी. पुढचे तीन रविवार तिथूनच वंदना म्हणलीस. तुझा आवाज आत येत होता, आणि मी डोळे मिटून बसत होते.

काल चतुराआजीनं मला धरलं. म्हणली, "लहानपणी माझी माय मला आडापाशी खाली उभी करायची. वरून कुणी ओतलं तर प्यायचं. देवळाच्या पायरीला हात लावायचा न्हाई. ते सगळं टाकून आपण इकडं आलो, अन् इकडं येऊन तू लेकराला चपलांपाशी बसवलंस." मला राग आला. मी म्हणले, ती जात होती आजी, हे वेगळं आहे. ती म्हणली, "बसणाराला काय फरक पडतो?"

आज सकाळी मी अंबडला भंतेजींकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, भिक्खूंचा संघ आहे, भिक्खुनींचा आहे, तिसरा न्हाई, हे मी बदलू शकत न्हाई. मंग म्हणाले, "पण उपासकानं कुठं बसावं याचा कुठलाच नियम न्हाई, बाई. सतरंज्या तुम्हीच टाकल्या."

एक ओळ तरी लिही. शिवी लिही, चालंल.

मम्मी


वडीगोद्री
२५ ऑगस्ट

साक्षी,

हे पत्र तुला मिळंल का, मला माहीत न्हाई. आकांक्षा म्हणली, "मी सगळी पत्रं ठेवून घेते काकू." म्हणून तिच्याच पत्त्यावर टाकते.

तू ९ ऑगस्टला तिची खोली सोडलीस, हे मला दहा दिवसांनी कळलं. फोन बंद, कामावर बी न्हाई. आदल्या दिवशी भूषण तिथं आल्ता. खाली रस्त्यात उभा राहून तुझ्या नावानं ओरडला, केस धरून नेईन म्हणला, सगळी गल्ली गोळा झाल्ती. आकांक्षानं हे सांगितलं तेव्हा तिनं मला विचारलं न्हाई, पण मी तुला सांगते. पत्ता मीच दिला होता. तो म्हणला, समजावून आणतो. मी त्याला पत्ता लिहून दिला आणि वर म्हणले, जल्दी जा.

मी औरंगाबादला जाऊन आले. तू बिलं करायचीस त्या दुकानात गेले, बसस्टँडवर गेले, दवाखान्यात जाऊन यादी बघितली. मंग पोलीस ठाण्यात गेले. तिथं भिवा नावाचा हवालदार होता, माणूस वाईट न्हाई, मला खुर्ची दिली. नाव विचारलं, वय विचारलं, मंग लिंग विचारलं. तो वर बघून म्हणला, "पोरगीच ना मावशी?" मी हो म्हणले. हो म्हणल्याबिगर तो पुढं लिहीत न्हव्हता. फोटो मागितला, तर माझ्यापाशी तुझा बारावीतला, दोन वेण्यांचा. मी म्हणले, आता केस बारीक आहेत, ड्रेस घालत न्हाई, अशी दिसत न्हाई. तो म्हणला, "मंग मावशी, लोकांनी ओळखायचं कसं?"

माझ्यापाशी तुझा, तू जशी आहेस तसा, एक बी फोटो न्हाई. मी काढूच दिला न्हाई कुणाला.

परत यायच्या आधी आकांक्षाच्या खोलीवर बसले होते. तिला विचारलं, तू साक्षीला काय म्हणून बोलतेस गं? ती म्हणली, "काकू, सोपं आहे. ते लेकरू आलं, ते लेकरू जेवलं, तसंच. मधे मधे चुकते मी. साक्षी काही म्हणत न्हाई."

मी तर अंगणवाडीत दिवसभर हेच बोलते. ते लेकरू रडलं, हे लेकरू पडलं, त्याला खाऊ द्या. एकतीस लेकरांना म्हणते.

कुठं गेलंस तू? लिहिताना हात अडखळतो, पण आता असंच लिहीन. जेवलंस का? पावसाचं कुठं निजतंस?

मम्मी


वडीगोद्री
१४ सप्टेंबर

साक्षी,

आज ते लिहिणार आहे. लिहायला बसून दोनदा उठले.

मार्चातल्या अमावस्येला मी तुला म्हणले, मावशीकडं जाऊ. तू आलंस. बाहेर बसवणाऱ्या आईबरोबर बी तू आलंस. शहागडचा पूल ओलांडून आपण त्या वस्तीवर गेलो, तेव्हा तुला कळलं. तू मला म्हणालंस, "मम्मी, भगताकडं? तू?"

मीच. जी बाई घरोघर जाऊन अंगारे-धुपारे बंद करा म्हणून सांगत होती. बावीस प्रतिज्ञा जिच्या तोंडपाठ. उषाबाईच्या सुनेच्या गळ्यातला ताईत मी माझ्या हातानं सोडवून नाल्यात टाकलाय. ती मी भगतापुढं पदर पसरून बसले, कारण मला कुणीतरी हे सांगायला पाहिजे होतं की हे माझ्या लेकराचं न्हाई, बाहेरचं काहीतरी आहे, आणि ते काढता येतं. धम्मानं मला तसं सांगितलं न्हाई. त्या भगतानं सांगितलं.

त्यानं मिरच्यांचा धूर केला. निंबाच्या फोकानं मारलं. तू उठायला लागलंस तेव्हा तो म्हणला, हात धरा. मी धरले. तुझा डावा हात मी मागं पिरगाळून धरला, साक्षी. काहीतरी कट्‌ वाजलं तरी सोडला न्हाई. तू ओरडलं न्हाईस. नुसतं माझ्याकडं बघत राह्यलंस. घरी सांगितलं, स्कूटीवरून पडली. तू बी होय म्हणालंस. मला वाचवायला होय म्हणालंस.

आता मी कुणाला हात जोडू? शेजारच्या रजनी मॅडम जांबला चालल्या होत्या. म्हणाल्या, "साक्षीसाठी रामापुढं नारळ ठेवते." मी न्हाई म्हणले न्हाई. आपल्यात नवस न्हाई, देवाला गळ घालायची सोय न्हाई. मूर्तीपुढं बसले की एवढंच कळतं, की केलेलं आपलं आपल्यापाशी राहतं. आधी मला याचा अभिमान होता. आता वाटतं, कुणीतरी असता तर बरं झालं असतं, ज्याला मी म्हणले असते, माझं काय पाहिजे ते घे आणि हे लेकरू कुठं आहे तेवढं सांग.

तू जिवंत आहेस ना? एवढंच सांग. दुसरं काही मागत न्हाई.

मम्मी


वडीगोद्री
८ ऑक्टोबर

साक्षी,

गेल्या महिन्याच्या शेवटी गोदामायला पूर आला. २९ तारखेला ठाण्यातून फोन आला, शहागडच्या खाली एक बॉडी लागली आहे, केस बारीक, वय वीस-पंचवीस, चेहऱ्यावरून कळत न्हाई, बघून जा.

पप्पा आणि मी मोटारसायकलवर गेलो. दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, ओळखीची खूण काही? मी बोलायच्या आधी पप्पा म्हणाले, "डाव्या मनगटावर गाठ आहे. हाड नीट बसलेलं न्हाई." मला वाटत होतं, त्यांनी तुझ्याकडं बघायचं केव्हाच सोडून दिलंय.

त्यानं चादर हाताच्या बाजूनं वर केली. मनगट सरळ होतं. कुणाचंतरी पोरगं होतं ते. मी तिथंच खाली बसले आणि मला आनंद झाला. दुसऱ्या आईचं लेकरू समोर पडलेलं असताना मला आनंद झाला, हे बी तुला सांगते.

बाहेर चहाच्या टपरीवर मी पप्पांना सगळं सांगितलं. भगत, धूर, हात. त्यांनी चहा तसाच ठेवला. म्हणाले, "मी ती गाठ रोज बघत होतो, बेबी. विचारलं न्हाई, कारण तू काय सांगशील याचं भ्या वाटत होतं." तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

काल वर्षावासाची समाप्ती झाली. भंतेजींनी सांगितलं, या दिवशी भिक्खू एकमेकांना म्हणतात, माझ्या हातून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं असंल तर सांगा. मी उठले. कुणी पाहिलं न्हव्हतं, म्हणून माझं मीच सांगितलं. सत्तर-ऐंशी माणसं होती. भगताचं सांगितलं, हाताचं सांगितलं, चपलांपाशी तुला मी बसवलं ते सांगितलं. तू काय आहेस ते बी सांगितलं. म्हणले, "माझं लेकरू पोरगी न्हाई, पोरगा न्हाई. मला ते पुरतं समजलेलं न्हाई. पण ते खोटं बोलत न्हाई. खोटं मी बोलले."

उषाबाई सगळ्यांत आधी बोलली. "आमच्या सुनेचा ताईत तोडलास, अन् स्वतः भगताच्या पाया पडून आलीस?" तिचं बराबर होतं. दोन-चार बाया उठून गेल्या. एक म्हातारा म्हणला, असल्यांचं खूळ विहारात कशाला आणता. भूषण मागं उभा होता, त्याचं तोंड लाल झालं होतं. घरी येऊन म्हणला, आता मी तिला फरफटत आणीन, पोलीस आणतील न्हाई तर मी, पण हा तमाशा बंद करीन.

रात्रीच समितीनं बैठक घेऊन मला महिला मंडळातून काढलं. पुढच्या वर्षी ग्रंथाला बसायचं न्हाई असं बी सांगितलं. सतरंज्यांचा विषय दोनदा निघाला आणि दोनदा राह्यला.

मला वाटलं होतं, बोलल्यावर छाती हलकी होईल. न्हाई झाली.

मम्मी


वडीगोद्री
२० ऑक्टोबर

साक्षी,

शुक्रवारी दुपारी चतुराआजीच्या फोनवर तुझा फोन आला. तू आजीला म्हणालंस, जीव शाबूत आहे, काम आहे, राहायला जागा आहे. पत्रं आकांक्षाकडून मिळाली, सगळी वाचली. म्हणालंस, मम्मीला सांग, पोलिसातली तक्रार मागं घे. ते मला धरून घरी सोडतील, दादा तिथं असंल, आणि मला घरी यायचं न्हाई. आजीनं विचारलं, कधीच न्हाई का रे लेकरा? तू म्हणालंस, आजी, मला माहीत न्हाई.

मी आज औरंगाबादला जाऊन आले. भूषणला कळलं तेव्हा तो दारात आडवा उभा राह्यला. म्हणला, तक्रार मागं घेतलीस तर ती कायमची गेली समज, शोधायला काही उरणार न्हाई. आणि तो खरं बोलत होता. रस्ताभर मला तेच दिसत होतं. कागदावर तुझं नाव असंपर्यंत कुणीतरी, कुठंतरी, एखाद्या दिवशी मला फोन करील, एवढा एकच धागा होता. पप्पांनी त्याला दारातून बाजूला केलं. मला बसमधी बसवून दिलं, तिकीट काढून दिलं, आणि खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "सही नीट कर."

भिवा हवालदारानं विचारलं, "सापडली का मावशी?" मी म्हणले, "सापडलं." तो म्हणला, घरी आणलं का? मी म्हणले, "घरी येणार न्हाई. सज्ञान आहे, खुशाल आहे, मला फोन आल्ता. लिहून घ्या." त्यानं वही पुढं ओढली. म्हणला, मंग मावशी, रडता कशाला? त्यानं लिहून घेतलं, मी सही केली, बारावीचा तो फोटो त्यानं परत दिला. मंग साहेबांपुढं नेलं, तिथं बी तेच सांगितलं.

आकांक्षाला मी तुझा पत्ता विचारला न्हाई. ती सांगायला लागली होती, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मला कळला तर मी कुणाला न् कुणाला देईन, माझा माझ्यावर भरोसा न्हाई.

ये असं लिहीत न्हाई. हात बरा करून घे. हाडाच्या डॉक्टरला दाखव, अजून बसवता येतं म्हणतात.

अजून एक राह्यलं. ते लिहिलं न्हाई तर हे सगळं पुन्हा खोट्यावर उभं राहील. फोनवर तू पहिलं आजीला विचारलंस, मम्मी तिथं न्हाई ना? आजी न्हाई म्हणली. मी तिथंच होते, साक्षी, आजीच्या पायाशी बसले होते. पदराचा बोळा तोंडात धरून स्पीकरवर तुझा सगळा आवाज ऐकला. तू फोन ठेवलास तरी मी उठले न्हाई.

मम्मी